काळ्या मातीतून शिडांच्या किनाऱ्यावर : कुटुंब हलवण्याची तयारी

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. माझा धाकटा भाऊ वीजजोडणीची कामे करतो आणि तीन वर्षांपूर्वी तो बायको, दोन मुले आणि आमची आई यांना घेऊन अलिबाग तालुक्यात, मांडवा आणि किहीम यांच्या मधल्या पट्ट्यात राहायला गेला. त्याला तिथे चांगले काम मिळत होते आणि माझ्या पुतणीला शिडाची होडी चालवायला शिकायची होती. मी गावीच राहून शेती पाहतो, त्यामुळे या स्थलांतराची दोन्ही टोके मला पाहायला मिळाली. आपल्या भागातून असे पाऊल उचलणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती आम्हाला उशिरा कळली. घर हलवण्याचा सगळा क्रम समुद्राच्या वर्षाप्रमाणे लावावा लागतो. आपले वर्ष गुढीपाडव्याला सालदार (वर्षभराचा गडी) ठरवण्यापासून सुरू होते आणि मृगाच्या पेरणीला वेग घेते. कोळ्यांचे वर्ष नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून उघडते आणि मे महिन्याच्या अखेरीस मिटते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, गेटवे ते मांडवा या नेहमीच्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद राहतात, आणि शिडाच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. म्हणजे आपल्याकडे पेरणीची धांदल असते, त्याच दिवसांत तिकडे शाळा उघडते, पाऊस कोसळतो आणि समुद्र बंद होतो. या चार गोष्टी एकाच महिन्यात अंगावर घेतल्या तर कुटुंब पहिल्याच वर्षी खचते.

म्हणून माझा आग्रह असा की, निर्णय पक्का करण्यापूर्वी घरातल्या एका कर्त्या माणसाने जुलैत किनाऱ्यावर जाऊन किमान दहा दिवस राहावे. डिसेंबरात पाहिलेला किनारा कोणालाही आवडतो, पण राहायचे असते ते बारा महिने. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर अलिबागकडे त्याच्या दुपटीहून अधिक पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. ओल कोणत्या भिंतीवर चढते, वीज किती तास जाते, वाडीचा रस्ता पाण्याखाली जातो का आणि शाळेची बस येते का, हे फक्त जुलैतच दिसते. भाड्याचे घर तेव्हाच पाहून ठेवावे आणि प्रत्यक्ष बिऱ्हाड पुढच्या एप्रिल-मे महिन्यांत न्यावे.

कोणता किनारा

गोव्यात पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे आणि शिडाच्या नौकांची परंपरा तिथे मोठी आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘म्हादेई’ ही शीडनौका गोव्यातच बांधलेली होती. परंतु राज्य बदलले की मुलांचे शिक्षण मंडळ, रहिवासाचे दाखले, आरक्षणाचे लाभ हे सारे बदलते. मालवण-तारकर्ली हा भाग सुंदर आहे, पण त्याची ओळख पाण्याखाली बुडी मारण्याच्या खेळांसाठी अधिक आहे. मुंबईत १८४६ मध्ये स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, नौदलाची आणि लष्कराची शीडनौका केंद्रे आहेत, मात्र आपल्या उत्पन्नात तिथले घरभाडे बसत नाही. मांडव्याच्या बाजूने मुंबई बंदराचे तेच पाणी मिळते, बोली मराठी मिळते, शाळा राज्य मंडळाचीच राहते, आणि हाताला कौशल्य असलेल्या माणसाला काम मिळते. आमच्यासाठी एवढी कारणे पुरेशी होती.

गाव सोडण्यापूर्वी

शेती विकू नये. हे मी भाऊ म्हणून नव्हे तर हिशेब पाहून सांगतो. किनाऱ्यावरचे काम हंगामी असते आणि पावसाळ्याचे चार महिने हात आखडतो, तेव्हा गावाकडून आलेली तुरीची डाळ आणि मक्त्याचे पैसे आधार देतात. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्यावर नाव राहिले तर उद्या कोकणात शेतजमीन घेण्याची वाट उघडी राहते. जमीन मक्त्याने किंवा बटईने द्यायची असेल तर बोलणे पाडव्यापूर्वी उरकून ते कागदावर उतरवावे, आणि ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद) कोण करणार हे नावानिशी ठरवावे, कारण ती नोंद बांधावर उभे राहूनच करायची असते. आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाईल क्रमांक बदलू नये. पहिल्या वर्षी भावाने नवे सिम घेतले आणि अनुदानाचा ओटीपी बंद पडलेल्या क्रमांकावर जात राहिला. ते निस्तरायला त्याला दोन वेळा गावी यावे लागले.

जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला ही कागदपत्रे आपल्या तहसिलीतून आधीच काढून घ्यावीत. जातीचा दाखला मूळ गावच्या जुन्या नोंदींवरून मिळतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील उतारा मिळवायला किनाऱ्यावरून ये-जा करणे फार महाग पडते. रेशन कार्डावरचे धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यातही अंगठा लावून घेता येते, त्यामुळे त्याची घाई नाही. मतदार यादीतील पत्ता नमुना ८ भरून बदलतो.

शाळेबाबत एक गोष्ट आपल्या पालकांच्या ध्यानात येत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात, पण उर्वरित महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्यालाच सुरू होतात. आपण ‘अजून सुट्टी आहे’ म्हणून गावी थांबलो तर तिकडचे पहिले दहा-बारा दिवस बुडतात, आणि नवख्या मुलाच्या ओळखी होण्याचे दिवस नेमके तेच असतात. शाळा सोडल्याचा दाखला वार्षिक निकालासोबतच मागून घ्यावा.

आमच्या पूर्व विदर्भातल्या नातेवाइकांसाठी आणखी एक सूचना. घरात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण किंवा वाहक असेल तर तपासणीचे कार्ड आणि औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावी. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मनात जी शंका लगेच येते, ती तिथे येईलच असे नाही. पोहण्याच्या आणि होडीच्या शिक्षकांनाही ही गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण दमछाक, तहान आणि गारठा यांनी अशा मुलाला त्रास होऊ शकतो.

सामान

समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यामुळे धामणगावच्या बाजूने निघालेला टेम्पो भिवंडीजवळ आमण्याला उतरून पनवेल, पेण, वडखळमार्गे अलिबागला पोहोचतो. माणसांनी रेल्वेने कल्याणपर्यंत जावे आणि पुढे एसटीने. म्हाताऱ्या माणसांना तेच सोसते.

सामानाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. आईने पहिल्या खेपेला दोन क्विंटल ज्वारी, एक कट्टा तूर, गहू आणि वर्षभराच्या मिरच्या नेल्या. आपल्या कोरड्या हवेत कणगीत वर्षभर टिकणारे धान्य तिथे श्रावणापर्यंत बुरशीने धरले. मिरचीला जाळी आली आणि ज्वारीला वास. आईच्या डोळ्यांत पाणी आले, कारण ते धान्य तिने स्वतः उफणले होते. आता मी दर दोन महिन्यांनी थोडे थोडे पाठवतो, आणि पावसाळ्याचा साठा मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवतात. लोखंडी पलंग, पत्र्याच्या पेट्या आणि जुना कूलर नेऊ नये. खारी हवा लोखंड खाते, आणि तिथला उकाडा घामाचा असल्यामुळे पाण्याच्या कूलरने तो उलट वाढतो. तिथे पंखा आणि वाहती हवा लागते. पारा आपल्यासारखा पंचेचाळीसला जात नाही, तरी कपडे अंगाला चिकटतात आणि मुलांच्या काखेत-जांघेत गजकर्ण उठते, म्हणून सुती सैल कपडे अधिक न्यावेत.

घर पाहताना विहिरीचे पाणी चाखून पाहावे. समुद्राला लागून असलेल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. जांभ्या दगडाच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेले, किनाऱ्यापासून थोडे आत, माडांच्या आडोशाला असलेले घर मला अधिक पसंत आहे, आणि वीजतंत्री असलेल्या भावाचेही मत तेच आहे, कारण अगदी वाळूवरच्या घरांत बटणे आणि जोडण्या लवकर गंजतात. जागा विकत घेण्याचा विचार असेल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात, हे दलालाच्या बोलण्याआधी आपल्याला माहीत असावे.

पाणी, वारा आणि होडी

आपली मुले विहिरीत आणि धरणाच्या पाण्यात पोहायला शिकतात आणि त्यांना वाटते की आपल्याला पोहता येते. विहिरीला कठडा असतो, समुद्राला ओढ असते. ओहोटीचे पाणी माणसाला घेऊन बाहेर जाते, आणि त्याच्याविरुद्ध हात मारत राहणारा दमून बुडतो. त्यामुळे पहिले सहा महिने मुलांनी फक्त मोठ्या माणसांच्या सोबतीने, भरती चढत असताना, कमरेइतक्या पाण्यात राहावे असा नियम आम्ही घातला आणि तो मोडू दिला नाही.

भरती-ओहोटी समजून घेण्यासाठी आपल्या घरातले पंचांगच उपयोगी पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या किनाऱ्यावरच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, आणि रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते-उतरते, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. मुलांना आधी घरी बसून तिथीवरून वेळ काढायला लावावी आणि मग छापील तक्त्याशी ताडून त्यांना तिथे न्यावे. आमच्या आईने हा हिशेब भावाच्या आधी आत्मसात केला, कारण तिथी तिच्या तोंडावर होत्या. होडी काढताना मात्र छापील तक्त्यावरच विसंबावे.

वाऱ्याचे ज्ञान आपल्या माणसाला वाटते त्याहून अधिक असते. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरी वारा कुठून येतो, कधी पडतो, कधी झोत देतो हे गालावर ओळखतो. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाच्या होड्या बहुधा या दुपारच्या वाऱ्यावर चालतात. होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, तिला साधारण ४५ अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे वळत पुढे न्यावे लागते. पुतणीला हे समजावताना शिक्षकांनी फळ्यावर रेघा काढल्या, पण तिला ते उमगले ते घाटातल्या नागमोडी रस्त्याच्या उदाहरणाने.

लहान मुलांची सुरुवात ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या होडीवर होते. ती सुमारे २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची, एकाच शिडाची असते आणि पंधरा वर्षांपर्यंतची मुले तिच्यावर शर्यती खेळतात. शिकवणीची जागा निवडताना शुल्कापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. होड्यांसोबत इंजिनाची बचाव बोट पाण्यात असते का. उलटलेली होडी सरळ करून पुन्हा चढण्याचा सराव पहिल्या काही दिवसांतच घेतात का. आणि वारा वाढला तर शिक्षक वर्ग रद्द करतात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘पैसे भरलेत, मग नेतोच’ असे आले तर तिथून मुलाला परत आणावे. शुल्क परवडत नसल्यास एन.सी.सी.च्या नौदल शाखेतही शीडनौका शिकवतात. स्वतःची होडी पहिल्या दोन हंगामांत घेऊ नये.

वर्ग ऑक्टोबरमध्ये लावावेत. तोवर मूल शाळेत रुळलेले असते, पाऊस सरलेला असतो आणि समुद्र शांत झालेला असतो.

घरातली माणसे

या साऱ्यात सर्वांत अधिक झळ भावसुनेला आणि आईला लागली, आणि तिची तयारी आम्ही केली नव्हती. पुरुष कामावर जातात, मुले शाळेत जातात, पण बाईला बाजारात सांभार (कोथिंबीर) मागितला की मसाल्याचे सांबार हवे का असे विचारतात, आणि शेजारणीचे आगरी बोलणे पहिले दोन महिने अर्धेच कळते. कोकणातल्या काही घरांत गौरीला तिखटाचा (मांसाहारी) नैवेद्य असतो हे पाहून आई पहिल्या वर्षी अस्वस्थ झाली होती, कारण आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) जेवणात कांदासुद्धा चालत नाही. शेजारणीने तिला मांडीशी बसवून त्यांची रीत सांगितली, आणि पुढच्या वर्षी आईने तिला आपल्या पद्धतीची आंबील करून खाऊ घातली. माझे सांगणे एवढेच की, घर शक्यतो वाडीच्या मध्ये, माणसांच्या हाकेत घ्यावे. निवांत, एकाकी बंगल्याचे आवार राखण्याच्या बोलीवर फुकट मिळत असले तरी घेऊ नये.

मुलांना पोळ्याला गावी आणावे. नारळी पौर्णिमेनंतर बरोबर पंधरवड्याने पोळा येतो, आणि विदर्भाकडे येणाऱ्या गाड्या त्या दिवसांत भरलेल्या असतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणून तिकिटे ज्येष्ठ अमावास्येच्या सुमारासच काढून ठेवावीत.