पन्नास पाकिटं केली आणि एकातही कार्ड जाईना

डेकोरेटिव्ह पेपरची पाकिटं करायला नुकतीच लागले होते, जेमतेम सहा झाली असतील, आणि तेवढ्यावर मैत्रिणीला तोऱ्यात सांगून बसले की तुझी पन्नास मी करून देते. केली पण. मग कार्ड घालायला गेले तर आत जाईना, कारण पाकीट मी बरोब्बर कार्डाच्याच मापाचं केलं होतं! कार्डाला जाडी असते हे डोक्यातच आलं नाही.

तर नवीन असाल तर सुरुवात कार्डापासून करा, आवडलेल्या कागदापासून नाही. ए६ कार्ड 105 × 148 मिमी असतं आणि त्याचं तयार सी६ पाकीट 114 × 162 मिमी, म्हणजे बघा किती मोकळी जागा ठेवतात. हाताने करताना मी दोन्हीकडे चार-पाच मिमी जास्त धरते. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे ए४ मधून 21 सेंमीचा चौकोन कापायचा, कार्ड त्यावर तिरकं ठेवायचं म्हणजे कागदाचे चार कोपरे कार्डाच्या चार बाजूंना येतात, आणि ते आत दुमडायचे. आधी डावा-उजवा, मग खालचा त्यांच्यावर चिकटवायचा, वरचा झाकणाला. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे छोटा त्रिकोण कापून टाका, नाहीतर कोपऱ्यात कागद गोळा होतो.

पण यात एक गोची आहे जी मला कोणी सांगितली नव्हती, डिझाईन पण तिरकं होतं. फुलाबिलांचं चालून जातं, पक्षी किंवा झाडं असतील तर सगळी कलंडलेली दिसतात. असा कागद सरळ टेम्प्लेटसाठी (म्हणजे कागद तिरका न धरता आखायचा पाकिटाचा साचा) ठेवा.

कागद 80 ते 120 जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तसा कागद जाड) बास. जाड घेतला की घडीवर रंग तडकतो आणि खालचा पांढरा दिसतो, सोनेरी प्रिंटवर तर फारच. म्हणून दुमडण्याआधी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची, मग चमच्याच्या पाठीने घडी घासायची. बोन फोल्डर (घडी घासायची चपटी पट्टी) नंतर घ्या, पहिल्या दिवशी लागत नाही.

चिकटवायला पातळ गोंद नकोच, कागद ओला होऊन फुगतो आणि वाळला की वेडावाकडा होतो. शिवाय आत झिरपला तर कार्डच चिकटून बसतं (हेही करून झालंय). सहा मिमीची डबल साईड टेप, कडेपासून किंचित आत. ग्लू स्टिक साध्या कागदाला ठीक, चकचकीत कागदावरून दोन दिवसांत सुटते.

आणि पत्ता लिहायची जागा आधीच ठरवा. गडद प्रिंटवर काही दिसत नाही, गुळगुळीतवर जेल पेन पसरतं, त्यामुळे पांढऱ्या कागदाचं लेबल कापून लावते मी. ए४ चा चौकोन कापल्यावर 8.7 सेंमीची पट्टी उरते ना, ती टाकू नका, साध्या पाकिटाच्या झाकणाला आतून लावायला मस्त होते.