बंद बरणीत जीवाणूंचा तोल कसा टिकवायचा

अंतराळात माणूस वर्षानुवर्षं राहायचा तर हवा-पाणी तिथल्या तिथं पुन्हा शुद्ध व्हायला पाहिजे, आणि त्यातलं बरंच काम जीवाणूंकडून करून घ्यायचा विचार आहे, युरोपियन स्पेस एजन्सीचं मेलिसा नावाचं संशोधन १९८९ पासून त्यावरच चाललंय. हा तोल किती नाजूक असतो ते घरी बघता येतं.

घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. पाणी सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमावरचं नाहीतर कुणाच्या शेततळ्यातलं आणा, नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यातलं गढूळही नको, उजेड आत शिरत नाही. आणि कृपा करून उकळू नका! जितक्या जातीचे जीवाणू तितकं बरं, एक जात कमी पडली तर दुसरी काम उचलते.

आता गाळ. अर्धा इंच बास, शेणखत अजिबात नाही. इथंच सगळं बिघडतं म्हणून नीट सांगतो. अ‍ॅरिझोनात १९९१ ला बायोस्फीअर २ नावाच्या हवाबंद काचघरात आठ माणसं राहायला गेली, माती मुद्दाम कसदार घेतली होती, मग मातीतले जीवाणू तो कस खात सुटले आणि हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरनं साधारण १४.५ वर आला. त्यातनं निघालेला बराच कार्बन डायऑक्साइड काँक्रीटनं शोषला, त्यामुळं झाडांना तो परत मिळालाच नाही. शेवटी १९९३ ला बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. तर जीवाणूंना खाणं कमी आणि वनस्पतींना उजेड भरपूर, हे धरून चाला.

हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दोन-तीन काड्या टाका, वर तिसरा हिस्सा हवा ठेवा, झाकण मेणानं बंद करा. मासा नको, बिचारा मरेल. उत्तरेच्या खिडकीत ठेवा, आपल्याकडचं एप्रिलचं थेट ऊन लागलं तर पाणी तापून सगळं संपतं.

सुरुवातीला पाणी दुधाळ होईल, उघडू नका. कुजण्यातनं निघणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास आणि त्याचं नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टर हे जीवाणू फार सावकाश वाढतात, त्यांना आठवडे लागतात. मेलिसातही हीच जोडी लघवीतल्या नायट्रोजनपासून रोपांचं खत करते.

जमलं तर त्याच दिवशी त्याच पाण्याची दुसरी बरणी भरा, फक्त गाळ तिप्पट घाला. दर रविवारी दोन्हींचा फोटो काढा, गाळ कुठल्या बरणीत आधी काळा पडतो ते बघा, काळा पडला म्हणजे तिथला ऑक्सिजन संपला.