स्वस्त विमानाचे तिकीट काढताना

कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ मध्ये भारतात स्वस्त विमानसेवा आणली आणि २००६ मध्ये उड्डाणे सुरू करणाऱ्या इंडिगोने तिचे गणित पक्के बसवले: सुरुवातीला एकाच जातीची विमाने, जमिनीवर कमीत कमी थांबा आणि जेवण, आसन, जादा सामान यांचे वेगळे पैसे. तिकीट काढताना हेच गणित उलट बाजूने मांडावे. जाहिरातीतले भाडे बाजूला ठेवून, आपल्याला खरोखर लागणाऱ्या गोष्टी धरून होणारी अखेरची रक्कमच दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहावी. आसननिवडीच्या पानावर पुढे जाण्याचा फुकट पर्याय अनेकदा बारीक अक्षरांत असतो, तो शोधावा. लहान मूल बरोबर नसेल तर खिडकीसाठी पैसे मोजणे ही माझ्या मते चैनच आहे. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे हातातली बॅग ७ किलो आणि आत द्यायचे सामान १५ किलोपर्यंत चालते, म्हणून आंब्याची पेटी न्यायची असल्यास ती दोरी बांधून झाल्यावर घरीच काट्याला लावावी आणि जादा वजनाचे पैसे आधीच ऑनलाइन भरावेत, कारण विमानतळावर तोच किलो महाग पडतो. सामान घेणारा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, आणि तिथे विनवण्या चालत नाहीत.