आर्किटेक्ट सरांच्या आठवणी गोळा करायच्या असतील तर आधी ट्रेसिंगचे रोल शोधा

आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी 1927 ला पुण्यात जन्मले, 2018 ला त्यांना प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार मिळाला, त्यांच्यावर लिहायला जगभर माणसं आहेत. पण आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडला आयुष्यभर ऑफिस चालवलेल्या आर्किटेक्टवर कोण लिहिणार? आपणच ना. आमच्या सरांच्या आठवणी मी गोळा केल्या, त्यातून जे कळलं ते सांगतो.

बायोडेटापासून सुरुवात करू नका. मी तेच केलं, जन्म, डिग्री, सत्कार, शाल-श्रीफळ, अर्ध्या पानात माणूस संपला.

मग ड्रॉइंग काढली. जुना ट्रेसिंगचा, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या पारदर्शक कागदाचा, रोल झटकन सरळ करायला जाल तर कडा तडकतात, हळूहळू उलगडा आणि वजन ठेवून दोन-चार दिवस पडू द्या. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबातच नको. अमोनिया प्रिंट, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेल्या नकला, उजेडात उडतात म्हणून त्यांचे फोटो सगळ्यात आधी काढा. आता कोपऱ्यातला टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या माहितीची चौकट बघा, तारीख, स्केल आणि ‘ड्रॉन बाय’च्या पुढची दोन अक्षरं, खरा माल तिथे आहे! त्या दोन अक्षरांवरून मला सरांचे जुने ड्राफ्ट्समन सापडले, पंचवटीतच राहतात. शीट बघून काका म्हणाले, “हा जिना सरांनी इतक्यांदा बदलला की ब्लेडने खरवडून कागदाला भोक पडलं होतं.” उजेडात धरलं तर खरंच मागून ठिगळ.

मंजूर नकाशे शोधताना एक लक्षात ठेवा, नाशिक महापालिका झाली 1982 ला, त्याआधी सातपूरची नगरपालिका वेगळी, नाशिकरोड-देवळालीची वेगळी, त्यामुळे साइट कुठल्या हद्दीत होती ते बघून मग शिक्का ओळखा. ऑफिसात खेटे घालण्याआधी घरमालकाला विचारा, कर्जाच्या फाइलमध्ये नक्कल असते बऱ्याचदा.

आणि बिल्डिंग बघायला जा, तेही मे महिन्यात भर दुपारी आणि परत पावसात. हवा खेळते का, छज्जा कुठे टपकतो, हे मालकापेक्षा स्वयंपाकघरातल्या काकू नीट सांगतात. नंतर ग्रिल लावून बंद केलेल्या गॅलऱ्यांचे पण फोटो घ्या, ओरिजिनल प्लॅनशेजारी ठेवा.

चुका गाळू नका हां. एका बंगल्याची गच्ची गळायची हे लिहू की नको म्हणून मी अडलो होतो, शेवटी सरांच्या मुलीला विचारलं तर ती हसायलाच लागली, “लिही की, आमच्या घराची पण गळायची.”