पोलादी गोळ्यावर पाण्याचा पडदा पुन्हा कसा आला

आमच्या सोसायटीच्या बागेत स्टेनलेस स्टीलचा तीन फुटी चकचकीत गोळा असून त्याच्या माथ्यावरील छिद्रातून येणारे पाणी सर्व बाजूंनी पातळ पडद्यासारखे उतरावे, अशी त्याची रचना आहे. बोअरच्या पाण्यावर दोन उन्हाळे काढल्यानंतर मात्र त्यावर क्षारांचे पांढरे ओघळ उमटले, शेजारच्या गुलमोहराचे प्रतिबिंब पुसट झाले आणि पाणी एकाच अंगाने धार धरून वाहू लागले.

कोणीतरी फरशीचे अ‍ॅसिड आणले होते. ते मी थांबवले, कारण त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर खाते. त्याऐवजी एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, त्यात भिजवलेले सुती फडके डागांवर वीस मिनिटे चिकटवून ठेवले. कडांशी बारीक फेस आला आणि थर सुटला. तारेची घासणी कटाक्षाने टाळली, कारण तिचे लोखंडी कण रुतले की तेथेच गंज धरतो. नंतर साबणाने तेलकटपणा काढला, कारण तेलकट धातूवर पाणी पसरत नाही, थेंबांत तुटते.

एकांगी धारेचे कारण निराळेच निघाले. पाणसळ लावताच पाया एका बाजूला खचल्याचे दिसले. स्टीलच्या पाचरी सारून गोळा समतल केला.

बाष्पीभवनाने टाकीतील क्षार वाढतच जातात, म्हणून आता केवळ भर न घालता दर पंधरवड्यास टाकी पूर्ण उपसतो आणि पंप बंद केल्यावर गोळा कोरडा पुसतो. शिल्पकार अनीश कपूर यांच्या शिकागोतील ‘क्लाउड गेट’ या आरशासारख्या चकचकीत स्टीलच्या शिल्पाचा खालचा भागही नियमित पुसावाच लागतो, मग आमच्या गोळ्याचे काय!