घरी काचेची बाटली कापताना: रेघ, उकळतं पाणी आणि माठातलं पाणी

कटर बाटली कापत नाही. तो वरच्या वर एक बारीक ओरखडा पाडतो आणि पुढे त्या ओरखड्यातून तडा पसरतो. गरम काचेवर थंड पाणी पडलं की वरचा थर आकसायला बघतो, पण आतली काच अजून गरम असल्याने त्याला आकसता येत नाही. हा ताण जिथे काच आधीच चिरलेली असते तिथे मोकळा होतो. हे एकदा लक्षात आलं की कटरवर जोर लावायची सवय आपोआप जाते.

बाटली कोणती घ्यावी

गोल, सरळ अंगाची, नक्षी किंवा उठावाची अक्षरं नसलेली. भंगारवाल्याकडची ६५० मिलीची बिअरची किंवा ७५० मिलीची वाइनची बाटली शिकायला चांगली. सुरुवातीला सहा-सात तरी आणा, त्यातल्या दोन-तीन वाया जाणारच. चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यात काच जाड-बारीक असते आणि तडा तिथेच भरकटतो. गोटी सोड्याच्या बाटलीचा नाद सोडा. तिची काच फारच जाड आणि वेडीवाकडी असते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच गरम-थंडाला दाद देत नाही, कारण तापल्यावर ती साध्या काचेच्या निम्म्याहूनही कमी प्रसरण पावते.

लेबल काढायला बाटली कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. राहिलेला डिंक खाद्यतेलाने चोळून काढा. मग साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेलकट काचेवर चाक घसरतं.

रेघ

काच-फ्रेमवाले वापरतात तो कार्बाइड चाकाचा कटर घ्या. हातात धरून गोल रेघ येत नाही, त्यासाठी साचा लागतो. फळीवर दोन लाकडी पट्ट्या समांतर ठोका, म्हणजे बाटली मधल्या खाचेत आडवी बसेल. बुडाच्या बाजूला आडवी पट्टी ठोका आणि जिथे कापायचं त्या अंतरावर ठोकळ्याला कटर घट्ट आवळा. खांद्याच्या वळणापासून दोन सेंटिमीटर तरी खाली राहा.

चाकाला रॉकेलचा किंवा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या. बूड सतत आडव्या पट्टीला टेकलेलं ठेवून दोन्ही हातांनी बाटली एकाच वेगात फिरवा. दाब बरोबर असेल तर बारीक, अखंड ‘सर्रर्र’ ऐकू येतं. आवाज तुटला तर रेघही तुटली आहे. रेघेतून कपच्या किंवा पांढरी भुकटी उडत असेल तर दाब जास्त होतोय. सुरुवात आणि शेवट नेमके जुळले की थांबा.

त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवू नका. सर्वांत जास्त बाटल्या याच चुकीने जातात. दुसऱ्या फेरीत शेजारी नव्या चिरा पडतात, तडा कुठल्या चिरेने जाईल ते सांगता येत नाही आणि चाकही बोथट होतं.

गरम आणि थंड

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते ‘थंड’ म्हणून वापरलं तर गरम-थंड पाण्याच्या दहा फेऱ्या करूनही बाटली ढिम्म राहते. माठातलं पाणी घ्या, त्यात बर्फाचे चार खडे टाकले तर उत्तम. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात खाली बादली ठेवा, तेच पाणी पुढच्या टप्प्यात घासायला चालतं. बादलीच्या तळाशी जुनी चादर घाला, म्हणजे सुटलेला तुकडा आपटून फुटणार नाही.

किटलीतून उकळत्या पाण्याची बारीक धार फक्त रेघेवर सोडा आणि बाटली फिरवत राहा, दहा-पंधरा सेकंद. लगेच तशीच बारीक धार थंड पाण्याची. तीन ते सहा फेऱ्यांत ‘टिक’ असा आवाज येतो आणि रेघेत चांदीसारखी चकाकी पळताना दिसते. ती चकाकी म्हणजे तडा. तो पूर्ण फिरेपर्यंत ओढू नका, ठोकू नका. दोन्ही भाग आपोआप सुटतात. धार रुंद झाली की तापलेला पट्टाही रुंद होतो आणि तडा रेघ सोडून वर-खाली जातो. बाटली कारखान्यात ज्या साच्यात घडते त्याच्या जोडाची उभी रेघ काचेवर असते; तिथे तडा अडला तर तेवढ्याच जागी मेणबत्तीची ज्योत धरा आणि मग बर्फ टेकवा.

सोलापुरात सूत सहज मिळतं, म्हणून ते स्पिरिटमध्ये बुडवून बाटलीला गुंडाळून पेटवायचा मोह होतो. करू नका. ज्योत रुंद पट्टा तापवते, कड वाकडी येते आणि पेटतं स्पिरिट ओघळून हातावर येतं.

कड घासणं

कापलेली कड ब्लेडसारखी असते. सपाट टाइलवर ८० नंबरचा वॉटर पेपर (पाणी घालून घासायचा पॉलिश कागद) ठेवा, भरपूर पाणी घाला आणि बाटली उभी धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. कड एकसारखी धुरकट दिसेपर्यंत १०-१५ मिनिटं लागतात. पुढे १२०, २२०, ४००. दर नंबरला बाटली धुवा, नाहीतर आधीचा जाड कण नव्या कागदावर ओरखडे पाडत राहतो. आतली-बाहेरची धार कागदाचा तुकडा तिरपा धरून मारा. पाण्याचा पेला करायचा असेल तर ६०० पर्यंत जा आणि कडेवरून कापूस फिरवा; एक धागाही अडकता कामा नये. उकळता चहा मात्र त्यात ओतू नका, तडकेल.

कोरडं घासू नका, काचेची भुकटी छातीत जाते. गॉगल आणि बंद बूट पहिल्या रेघेपासून हवेत. तुकडे सुटताना चामडी हातमोजे घाला.

घासलेलं पाणी मोरीत ओतलं तर गाळ पाइपात बसतो. बादली रात्रभर तशीच ठेवा, वरचं पाणी अंगणात ओता. खालचा गाळ आणि कपच्या जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरांत लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळ्या द्या.