साडी दुकानाची मेल यादी अशी साफ केली

शहापूरच्या एका साडी दुकानाचे मेल मी पाठवते. दिवाळीच्या तोंडावर प्रतिसाद एकदम घसरला. निपाणी, खानापूरची नेहमीची गिऱ्हाइकं सांगू लागली, तुमचा मेल स्पॅममध्ये पडतोय. यादी चाळली तर जुन्या एजन्सीने विकत घेतलेले पत्ते त्यात घुसडलेले!

स्पॅम ट्रॅप, म्हणजे न विचारता मेल पाठवणाऱ्यांना पकडायचे सापळा-पत्ते, असतात ते अशाच यादीत. काही पत्ते मुद्दाम पेरलेले, काही बंद पडून सापळा म्हणून परत सुरू केलेले, काही स्पेलिंग चुकलेल्या डोमेनचे. सुरू असलेला सापळा बाउन्स होत नाही, म्हणजे त्याला पाठवलेला मेल परत येत नाही, म्हणून एकेक शोधून काढता येत नाही. शिक्षा मात्र सगळ्या यादीला होते. पाठवणाऱ्याची पत गेली की खऱ्या गिऱ्हाइकालाही मेल दिसत नाही.

मग विकतचे पत्ते सरसकट उडवले. वर्षभर क्लिक वा खरेदी नसलेल्यांना एकदा विचारलं, गप्प राहिले ते वगळले. नुसत्या 'ओपन'वर मी विसंबले नाही, कारण ॲपलचं मेल ॲप २०२१ पासून मेल न वाचताही तो उघडल्याचं दाखवू शकतं.

आता गल्ल्यावर पत्ता घेतला की लगेच पुष्टीची लिंक जाते. साडीची घडी होईपर्यंत काकू तिथंच ती दाबतात. यादी निम्मी झाली, पण इरकलचा नवा माल आला की विचारणा परत येऊ लागल्यात.